यॉर्कच्या जुन्या पबमध्ये पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी येतं. मिन्स्टर, म्हणजे इथलं भलंमोठं जुनं चर्च, बघून होतं, तटबंदीवरून फेरी होते आणि संध्याकाळी हमखास फर्माईश येते, "इथला एखादा खरा जुना पब दाखव ना." मग दाराशी पोचेपर्यंत प्रश्नांवर प्रश्न. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. हे पब आणि त्यांच्या तळघरात जिवंत ठेवलेली बीअर मला मनापासून आवडते, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

पब म्हणजे बारच ना?

नाही. मूळ शब्द "पब्लिक हाउस", म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. आपल्याकडच्या परमिट रूमचं चित्र डोक्यातून काढून टाका. काळ्या काचा, अंधार, आत सगळे पुरुष आणि बाहेर पडताना इकडेतिकडे बघणं, यातलं इथे काहीच नसतं. दुपारी दोन वाजता खिडकीजवळ एक आजी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेली दिसेल, तिच्या पायाशी कुत्रा झोपलेला असेल. शेजारच्या टेबलावर ऑफिसातली चारजणं जेवत असतील. गावाच्या पारावर जसं कुणीही येऊन टेकतं तसंच, फक्त इथल्या थंडी-पावसामुळे पाराला भिंती आणि शेकोटी आली आहे.

फॉसगेट रस्त्यावरचा ब्लू बेल हे याचं उत्तम उदाहरण. दार उघडलं की लाकडी पॅनेलिंगची अरुंद बोळ लागते. पुढे एक छोटी खोली, मागे एक छोटी खोली आणि मधल्या बोळात बीअर घ्यायला एक खिडकी. आतली सजावट १९०३ सालची आहे आणि वारसा वास्तू म्हणून ती ग्रेड टू स्टार श्रेणीत संरक्षित आहे. पंधरा-वीस माणसं आली की पब भरतो. तुमचा कोपर दुसऱ्याला लागतो, तुम्ही "सॉरी" म्हणता आणि तिथून गप्पा सुरू होतात.

रिअल एल म्हणजे नेमकं काय?

साधी बीअर कारखान्यात आंबवतात, गाळतात, बहुतेक वेळा तापवून त्यातलं यीस्ट मारतात, वायू भरतात आणि सीलबंद करतात. मग ती महिनोन् महिने टिकते. रिअल एल ("एल" हा बीअरचाच एक प्रकार) गाळून निर्जीव केलेली नसते. पिंपात भरताना तिच्यात जिवंत यीस्ट असतं आणि ते पबच्या तळघरात पोचल्यावरही काम करत राहतं. शेवटचं आंबणं तिथेच होतं, वायूही तिथेच तयार होतो. ग्लासात ओढतानाही बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वापरत नाहीत. घरी लावलेलं दही आणि पाकिटातलं दही यांत जो फरक, तोच हा.

हे नाव तसं अलीकडचं आहे. १९६०-७०च्या दशकांत मोठ्या कंपन्यांनी सगळीकडे वायू भरलेली, सारख्या चवीची केग बीअर आणली. जुन्या पद्धतीची बीअर बंद पडेल अशी वेळ आली. १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. तिथे बसल्या बसल्या त्यांनी एक संघटना काढली, तीच आजची कॅम्रा, म्हणजे "कॅम्पेन फॉर रिअल एल". १९७४ पासून त्यांची चांगल्या पबची मार्गदर्शिका दरवर्षी निघते आहे. ग्राहकांनी चळवळ करून एक पेय वाचवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ती गरम असते आणि तिला फेस नसतो म्हणे?

गरम नसते. तळघराच्या तापमानाची असते, साधारण ११ ते १३ अंश. फ्रिजमधल्या ४-५ अंशांच्या बीअरची सवय असलेल्या जिभेला ती कोमट वाटते. महाबळेश्वरला डिसेंबरात सकाळी माठातलं पाणी लागतं, साधारण तसा गारवा. फार थंड केली तर जीभ बधिर होते आणि माल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) गोडवा, हॉप्सचा (एका वेलीच्या फुलांचा) कडवटपणा, फळांचा वास हे काहीच कळत नाही. पहिले चार घोट विचित्र वाटतील. पाचव्याला चव उलगडते, असा माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचा अनुभव आहे.

फेसाचं म्हणाल तर यॉर्कशायरमध्ये, म्हणजे यॉर्कभोवतीच्या परगण्यात, तो असतोच, आणि सायीसारखा दाट असतो. काउंटरवरच्या ज्या हातपंपाने बीअर ओढतात त्याच्या नळीच्या टोकाला बारीक भोकांची एक टोपी लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यातून बीअर फवारल्यासारखी बाहेर पडते आणि वर घट्ट फेस धरतो. दक्षिण इंग्लंडमध्ये ही टोपी सहसा लावत नाहीत, त्यामुळे तिकडे बीअर सपाट दिसते. यावर उत्तर-दक्षिणेची माणसं तासन् तास वाद घालतात. मी उत्तरेच्या बाजूने आहे. तुम्हाला फेस नको असेल तर टोपी काढून द्यायला सांगा, बिनतक्रार काढतात.

तळघरात नेमकं काय चालतं?

हे बघायला मिळालं तर सोडू नका. एकदा एका पबच्या मालकाने मला खाली नेलं होतं. उभ्या, निसरड्या पायऱ्या, चुना लावलेल्या भिंती आणि ओल्या दगडाचा व पावाच्या पिठाचा मिसळलेला वास. लाकडी मांडणीवर पिंपं आडवी ठेवलेली होती. आता बहुतेक पिंपं स्टीलची असतात. इथून जवळच्या टॅडकास्टर गावात १७५८ पासून चालू असलेली सॅम्युअल स्मिथची ब्रुअरी (बीअर बनवण्याचा कारखाना) मात्र अजून ओकच्या लाकडाची पिंपं वापरते आणि ती बनवायला-दुरुस्त करायला पदरी कारागीर ठेवते.

प्रत्येक पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक बूच असतं. मालकाने त्याच्या मधोमध सच्छिद्र लाकडाची, बोटाच्या पेराएवढी खुंटी ठेवली आणि लाकडी हातोड्याचा एक नेमका घाव घातला. फुस्स असा लांब आवाज झाला. मग खुंटीच्या टोकातून तपकिरी फेस हळूहळू वर येऊन ओघळायला लागला. तो फडक्याने पुसून घेत म्हणाला, "आता हिला श्वास घेऊ दे." साठलेला जादा वायू त्या खुंटीतून बाहेर पडतो. फेस येणं मंदावलं की ही खुंटी काढून घट्ट लाकडाची बसवतात, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. मग पिंप अजिबात न हलवता एक-दोन दिवस ठेवतात. यीस्टचा गाळ खाली बसतो आणि वरची बीअर नितळ होते. नितळली, चाखली, पसंत पडली, की तिची नळी वरच्या पंपाला जोडतात.

इथून घड्याळ चालू होतं. बीअर काढली जाते तशी पिंपात हवा शिरते आणि हवा लागलेली बीअर तीनेक दिवसांत उतरायला लागते. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं असतं, त्याला फर्किन म्हणतात. त्यात ७२ पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). गाळ आणि गळती वजा जाता सत्तरच्या आत. एवढी बीअर तीन दिवसांत खपली पाहिजे. म्हणून माझा सल्ला असा की आडगल्लीतल्या रिकाम्या पबमध्ये दहा हातपंप दिसले तर भुलू नका. तीनच पंप पण गर्दी असलेला पब निवडा. तिथली बीअर ताजी असणार.

टेबलावर बसलो, पण वेटर येतच नाही. काय करायचं?

येणारही नाही. माझ्या पहिल्या खेपेला मी आणि मैत्रीण वीस मिनिटं वाट बघत बसलो होतो. इथे काउंटरवर उठून जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि आपला ग्लास आपण उचलून आणायचा. जेवण मागवलं तर टेबलाचा नंबर सांगायचा, ताट ते आणून देतात.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. कोण कुणाच्या आधी आलं हे पलीकडच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. नोट हलवू नका, चुटकी वाजवू नका, "हॅलो बॉस" तर मुळीच नको. काउंटरला टेकून उभं राहा आणि नजर मिळाली की हलकेच मान हलवा. तुमच्या आधीचा कुणी राहिला असेल तर "यांचा नंबर आधी आहे" असं सांगा. एवढ्या एका वाक्याने पबभर तुमची पत वाढते.

टिप द्यायची सक्ती नाही. कुणी फार आपुलकीने वागलं तर "अँड वन फॉर युअरसेल्फ" म्हणायची जुनी पद्धत आहे. म्हणजे तुमच्या बिलात त्याच्यासाठीही एका पेयाचे पैसे धरायला सांगायचं.

एवढ्या हातपंपांतून निवडायचं कसं?

हातपंप म्हणजे काउंटरवर उभी असलेली लाकडाची किंवा चिनी मातीची उंच मूठ. आपल्याकडच्या हापशाचंच तत्त्व. ओढली की तळघरातली बीअर वर येते. अशा यंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये घेतलं होतं आणि मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. मुठीवरच्या पट्टीवर बीअरचं नाव, ब्रुअरी आणि अल्कोहोलचं प्रमाण असतं. पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बीअर संपली आहे किंवा अजून तयार नाही.

सुरुवातीला बिटर घ्या. नाव कडू असलं तरी कारल्यासारखी कडू नसते, तांबूस, समतोल असते. ३.५ ते ४.५ टक्के. यॉर्कशायरमध्ये आलातच आहात तर टिमथी टेलरची लँडलॉर्ड घ्या. १८५८ पासूनची ब्रुअरी, गाव कीथली. ही बीअर कॅम्राच्या स्पर्धेत चारदा ब्रिटनमधली सर्वोत्तम ठरली आहे. कडवटपणा नको असेल तर माइल्ड मागा, बहुतेक वेळा गडद, हलकी, थोडी गोडसर. फळांचा, फुलांचा वास आवडत असेल तर सोनेरी पेल एल. कॉफी-चॉकलेटकडे झुकणारं हवं असेल तर पोर्टर किंवा स्टाउट. थीकस्टनची ओल्ड पेक्युलियर ५.६ टक्क्यांची आहे, काळपट आणि मनुकांसारखी गोड. ती थंडीतल्या संध्याकाळी, शेकोटीजवळ आणि एकच.

थीकस्टनवरून आठवलं. ती ब्रुअरी मॅसम या लहानशा गावातली, १८२७ सालची. पुढे ती घराण्याच्या हातून गेली, तेव्हा त्याच घरातल्या पॉल थीकस्टन यांनी १९९२ मध्ये त्याच गावात ब्लॅक शीप ही दुसरी ब्रुअरी काढली. नंतर मूळ ब्रुअरीही घराण्याकडे परत आली. दोन्ही बीअर एकाच काउंटरवर शेजारी शेजारी दिसल्या तर एकेक अर्धा पाइंट घेऊन बघा.

ठरत नसेल तर बिनधास्त विचारा, "कुड आय ट्राय अ लिटल?" घोटभर चाखायला देतात, पैसे घेत नाहीत. गर्दीच्या वेळी मात्र पाच-पाच चाखत बसू नका.

पाइंट केवढा? आणि किती चढते?

पाइंट ५६८ मिलि. अर्धा पाइंट २८४ आणि तिसरा भाग १८९. अर्धा मागण्यात कसलाही कमीपणा नाही. मी स्वतः बहुतेक वेळा अर्धाच घेते, म्हणजे दोन प्रकार चाखता येतात. काही ठिकाणी लाकडी फळीवर तीन तिसरे भाग मांडून देतात. यॉर्कमध्ये पाइंट साधारण पाच पौंडांच्या आसपास पडतो, लंडनमध्ये जास्त.

४ टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये अल्कोहोलची सुमारे २.३ युनिट असतात (एक युनिट म्हणजे १० मिलि शुद्ध अल्कोहोल). इथल्या सरकारी वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे आठवड्याला १४ युनिटांच्या पुढे जाऊ नये आणि तीही तीन किंवा जास्त दिवसांत विभागावीत. म्हणजे आठवड्याचे सहा पाइंट. सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी एकावर थांबावं. ही बीअर सहज उतरते, चढते तेव्हा उठायची वेळ झालेली असते.

मी शाकाहारी आहे. बीअर तर चालेलच ना?

थांबा, हे नीट वाचा. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून बऱ्याच ब्रुअरी त्यात आयसिंग्लास घालतात. हा पदार्थ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतो. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाला ज्या पिशवीसाठी लाखांचा भाव येतो, त्याच जातीची ही वस्तू. गाळासोबत ते तळाशी बसतं आणि ग्लासात अगदी नाममात्र येतं, पण वापरलं जातं हे खरं. शिवाय पट्टीवर ते लिहिणं कायद्याने बंधनकारक नाही.

माझी आत्या माळकरी. ती आली तेव्हा मी हे आधी सांगितलं, तिने सफरचंदाचा रस घेतला आणि आम्ही दोघी तितक्याच निवांत बसलो. तुमचं व्रत कडक असेल तर काउंटरवर विचारा, "इज धिस वन व्हीगन?" आता अनेक लहान ब्रुअरी आयसिंग्लास न घालता बीअर पाठवतात. पट्टीवर "अनफाइन्ड" लिहिलेलं असेल तर तीच ती. ती थोडी धुरकट दिसते. तो दोष नव्हे.

खाण्याचंही सांगते. यॉर्कशायरमध्ये बटाट्याचे चिप्स (म्हणजे फ्रेंच फ्राइज, वेफर्स नव्हे) पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, "बीफ ड्रिपिंग" म्हणतात तिला. नुसते बटाटे आहेत म्हणून गृहीत धरू नका, तेल कोणतं ते विचाराच. पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे डुकराची तळलेली कातडी. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं आणि त्यात अंडं असतं. खारे शेंगदाणे सगळीकडे मिळतात, आणि बीअरबरोबर शेंगदाण्यांना तोड नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बीअर आंबट लागली तर परत करता येते?

येते, आणि करावीच. एका पबमध्ये मला दिलेल्या ग्लासाला चक्क व्हिनेगरचा वास येत होता. परकी जागा म्हणून मी निमूट अर्धा संपवला आणि घरी जाईपर्यंत चुटपुटत राहिले. पुढच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी तसंच झालं तेव्हा काउंटरवर जाऊन हळू आवाजात म्हटलं, "आय थिंक धिस हॅज टर्न्ड." बाईंनी वास घेतला, माफी मागितली, दुसरा पाइंट दिला आणि त्या पंपाची पट्टी उलटी फिरवली. तुम्ही सांगितलं नाही तर तेच पिंप पुढच्या तीस जणांना जातं. फक्त दोन घोटांत सांगा, ग्लास रिकामा करून नव्हे. नुसती आवडली नाही, एवढं कारण मात्र चालत नाही.

मी पीतच नाही. तरी आत जाऊ का?

जरूर जा. चहा, कॉफी, लाइम-सोडा, बिनअल्कोहोलची बीअर, सगळं मिळतं. गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावं असा नियमच आहे. का पीत नाही म्हणून कुणी खोदून विचारत नाही.

बाईने एकटीने गेलं तर?

मी जाते. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते. दुपारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी अगदी निर्धास्त वाटतं. शनिवारी संध्याकाळी यॉर्कचं रूप वेगळं असतं. लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके गाडीने येतात आणि घोड्यांच्या शर्यती असतील त्या दिवशी, विशेषतः ऑगस्टातल्या इबोर महोत्सवात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस मी टाळते. काही खटकलं तर थेट काउंटरवर सांगायचं. चांगला पबमालक आपल्या छपराखाली कुणाला त्रास होऊ देत नाही.

आपल्यासारख्यांकडे कसं बघतात? खरं सांगा.

खरं सांगायचं तर पूर्वी वाईट वागवत. १९५०-६०च्या दशकांत अनेक पबमध्ये काळ्या-सावळ्या माणसांना आत घेत नसत किंवा एकाच खोलीत बसवत. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये हा भेदभाव इतका उघड होता की तिथल्या भारतीय कामगारांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स फेब्रुवारी १९६५ मध्ये तो बघायला आले. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकेत त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला आणि पबमध्ये रंगावरून नकार देणं बेकायदा ठरलं. आज त्याच भागात पंजाबी मालकांचे "देसी पब" आहेत. बंद पडायला आलेले पब त्यांनी चालवायला घेतले आणि आता गोरी माणसं तिथे तंदुरी मिक्स्ड ग्रिल खायला रांग लावतात.

यॉर्कमध्ये मला वर्षानुवर्षं आपुलकीच मिळाली आहे. आत शिरल्यावर दोन डोकी वळतात, पण ती कुणीही शिरलं तरी वळतात. "कुठून आलात?" असं विचारलं तर सातारा सांगा, सह्याद्री सांगा. हवेचा विषय काढलात तर अर्धा तास सहज जातो.

मुलांना नेता येतं का? ओळखपत्र लागतं का?

बहुतेक पबमध्ये मोठ्यांबरोबर मुलं चालतात, संध्याकाळनंतर काही ठिकाणी नाही. दारावर पाटी असते. दारू विकत घ्यायचं वय १८. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना टेबलावर जेवताना, मोठ्या माणसाने विकत घेऊन दिली तर बीअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाची दारू) घेता येते. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं आणि वर परवाना. त्यामुळे इथे शिकायला आलेली आपली मुलं पहिल्या महिन्यात बावरतात. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतील, पासपोर्ट चालतो.

इंडिया पेल एल म्हणजे आपल्या इंडियाची?

आपल्याकडे पाठवलेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी बीअर जहाजाने पाठवत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास. भरपूर हॉप्स घातलेली फिकट बीअर तो सोसायची, उलट वाटेत मुरून चांगली व्हायची. भारतासाठी कुणीतरी ती मुद्दाम शोधून काढली ही कथा मात्र धरून चालू नका, तशी बीअर इथे आधीपासून होती. १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरींनी हा व्यापार काबीज केला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्यामुळे हॉप्सची चव खुलते. तिथल्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६ चा.

आणखी एक धागा. पबमध्ये कुणी डोक्याने सटकल्यासारखं वागलं तर त्याला "डुलॅली" म्हणतात. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे आणि कावायचे. काउंटरवर ही गोष्ट सांगा, सगळे कान देऊन ऐकतात.

अशी बीअर पुण्या-मुंबईत मिळते का?

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डुलॅलीपासून (हो, नाव तेच) आपल्याकडे ताजी बीअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरी रुजल्या आहेत आणि काहींची बीअर उत्तम असते. पण ती थंडगार आणि वायूच्या दाबावर येते. पिंपात मुरलेली, हाताने ओढलेली बीअर प्यायला इकडेच यावं लागतं.

यॉर्कमध्ये कुठून सुरुवात करू?

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून गाडीने दोन तासांत पोचाल. स्टेशनातच यॉर्क टॅप आहे. १९०७ सालच्या चहाच्या दालनात २०११ पासून हा पब आहे. रंगीत काचांचे घुमट, मधोमध गोलाकार काउंटर. परतीच्या गाडीआधी अर्धा तास काढायला याहून देखणी जागा नाही. स्टोनगेटवर ये ओल्ड स्टार इन आहे, परवाना १६४४ सालचा. त्याची पाटी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या तुळईवर आहे. नदीकाठी किंग्ज आर्म्स. ऊझ नदी फुगली की पाणी थेट आत येतं. दाराशी पुराच्या पातळ्यांची फळी आहे आणि त्यात २००० सालची खूण सगळ्यात उंच. कोल्हापूर-सांगलीचा माणूस त्या फळीसमोर आपोआप थबकतो, मी पाहिलं आहे. आणि शेवटी ब्लू बेल, दुपारी चारच्या सुमाराला, गर्दी व्हायच्या आत.

राउंड म्हणजे काय?

चौघे गेलात तर एकाने चौघांची घ्यायची, पुढची दुसऱ्याने. तुमची पाळी चुकवू नका, हे कायम लक्षात राहतं. दोनच घ्यायच्या असतील तर पहिल्यांदाच सांगा, "मी माझी घेतो." कुणी वाईट वाटून घेत नाही.

गाडी चालवत आलो तर एक चालेल?

नको. इंग्लंडमधली मर्यादा रक्ताच्या १०० मिलिमध्ये ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये ५०. पण एका पाइंटने कुणाचं किती चढेल याचा नेम नाही. बस, रेल्वे किंवा पायी.

घंटा वाजली म्हणजे उठायचं?

पहिली घंटा म्हणजे "लास्ट ऑर्डर्स", शेवटचं काही हवं असेल तर आत्ता घ्या. दुसरीनंतर विक्री बंद, मग हातातला ग्लास संपवायला साधारण वीस मिनिटं मिळतात. पूर्वी दुपारीही पब बंद ठेवावे लागत. पहिल्या महायुद्धात कामगारांनी कामावर शुद्धीत यावं म्हणून घातलेला तो नियम १९८८ पर्यंत टिकला. आता बहुतेक पब अकरा-साडेअकरापर्यंत चालू असतात. निघताना रिकामा ग्लास उचलून काउंटरवर ठेवा आणि "थँक्स, गुडनाइट" म्हणा. आतून दोन-तीन आवाज तरी परत येतात.